एपीपीची नोकरी सोडून अपघाताच्या क्लेममध्ये: दहा वर्षांनी मांडलेला हिशेब

मुद्देमाल

मागे इथल्याच एका धाग्यावर कुणीतरी टोमणा मारला होता की सरकारी वकील नोकरी सोडून अपघाताचे क्लेम करायला लागतात ते फक्त पैशासाठी. तेव्हा लिहिणार होते, राहून गेलं. आज कोर्टाला सुट्टी आहे, म्हणून बसले.

मी २००६ ते २०१५ सहायक सरकारी अभियोक्ता, म्हणजे एपीपी होते. तालुक्याच्या ठिकाणी, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात. त्यानंतर राजीनामा दिला आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे आपल्या भाषेत एमएसीटीत, दावेदारांच्या बाजूने कामं घ्यायला लागले. पैसा हे कारण नव्हतंच असं म्हणणार नाही. २००६ ला लागले म्हणजे १ नोव्हेंबर २००५ ची रेघ हुकलेली, जुनी पेन्शन नाही. घरी सासरे रोज आठवण करून द्यायचे. पण पेन्शनसाठी कुणी नोकरी सोडत नाही.

माझ्या बोर्डावर भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ ची कामं कायम असायची. निष्काळजीपणाने मृत्यू, जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा. (आता भारतीय न्याय संहितेत कलम १०६ आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत.) फिर्याद सगळ्यांची सारखी: 'सदर चालकाने आपले ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात चालवून'. हे वाक्य मला झोपेत म्हणता येईल. नुसत्या 'भरधाव' शब्दाने निष्काळजीपणा सिद्ध होत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटक विरुद्ध सतीश या कामात १९९८ मध्येच सांगून ठेवलंय, आणि बचावाचा प्रत्येक वकील ते खिशात घेऊन फिरतो. वेग किती, रस्ता केवढा, टायरच्या खुणा किती लांब, हे पंचनाम्यात असेल तर ठीक. नसेल तर साक्षीदार 'गाडी जोरात होती' म्हणतो आणि तिथेच काम संपतं. त्यावर पंच फितूर. 'सह्या माझ्या आहेत, पण पोलिसांनी कोऱ्या कागदावर घेतल्या.' आणि स्टिअरिंगवर आरोपीच होता हे सांगणारा कुणी नाही. निर्दोष.

अशा निकालाच्या दिवशी मागच्या बाकावर एखादी बाई बसलेली असायची. डोक्यावर पदर, हातात प्लॅस्टिकची पिशवी. कोर्ट कॉन्स्टेबल सांगायचा, मयताची मिसेस आहे मॅडम. मी मान हलवून पुढच्या कामाची फाईल उघडायचे. नऊ वर्षांत मी किती माणसं मेली हे सिद्ध केलं असेल. ती काय कमवत होती, घरी कोण होतं, हे एकदाही विचारलं नाही. विचारण्याची गरजच नव्हती. दोषारोपपत्रात तो रकानाच नाही.

सोडल्यावर वाटलं होतं, आपल्याला हे काम सोपं जाणार. उलटतपासाचा हात बसलेला, पंचनामे, पीएम रिपोर्ट, सीए (रासायनिक तपासणीचे) रिपोर्ट पाठ. पहिलंच मोठं काम आलं ते एका गवंड्याचं. वय ३४, बायको, दोन मुलं, आई. मोटारसायकलला मागून ट्रकने उडवलेलं. मी तीन तारखा ट्रकच्या ड्रायव्हरवर घालवल्या. असा उलटतपास घेतला की बाररूममध्ये दोन दिवस चर्चा. निष्काळजीपणा शंभर टक्के ट्रकचा धरला. मी खूश.

निकाल वाचला तेव्हा उत्पन्न महिना ८,००० धरलेलं. का, तर कागद नाही. निकालानंतर ती बाई ऑफिसला आली. पिशवीतून एक छोटी डायरी काढली, खताच्या कंपन्या वाटतात तसली. पानांना सिमेंटची पूड. त्यात नवऱ्याच्या हातचं: कुणाच्या घराचं प्लास्टर किती चौरस फूट, काय दर, उचल किती, बाकी किती. दोन वर्षांचं. महिन्याला सरासरी पंधरा हजारांच्या घरात.

म्हटलं, हे आधी का नाही आणलंत? ती म्हणाली, 'ताई, तुम्ही इचारलंच नाही.'

आता हिशेब बघा. वय ४० च्या आतला स्वतःचा धंदा करणारा माणूस, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे (सर्वोच्च न्यायालयाचा प्रणय सेठी निकाल, २०१७). घरात अवलंबून चार जण, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा. वय ३१ ते ३५, म्हणून वर्षाच्या रकमेला १६ ने गुणायचं, हाच गुणक (सरला वर्मा निकाल, २००९). ८,००० धरले तर १६,१२,८०० होतात. १५,००० धरले तर ३०,२४,०००. मधली १४,११,२०० रुपयांची डायरी त्या बाईच्या पत्र्याच्या पेटीत पडून होती आणि मी ड्रायव्हरला विचारत होते की ब्रेक कधी दाबलास.

हायकोर्टात अपील केलं, डायरी जादा पुरावा म्हणून द्यायचा अर्ज केला, आणि शेवटी लोकअदालतीत मधल्या आकड्यावर तडजोड झाली. ती बाई समाधानी होती. मी अजून नाही.

विचारा काय विचारायचं ते. चालू केसवर सल्ला देणार नाही.

---

खडूस_आजोबा

रुमाल टाकून ठेवतो, सावकाश लिहीन. एक दुरुस्ती नव्हे, पुरवणी: आपल्याकडे एपीपी हे पूर्वी पोलीस खात्याच्या ताब्यात असत. पोलीस प्रॉसिक्युटर म्हणायचे. १९९५ च्या शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने यांना पोलिसांपासून वेगळं करा म्हणून बजावलं. मी त्याआधीचा जमाना पाहिलाय. निरीक्षक साहेब चेंबरमध्ये येऊन सांगायचे, 'वकीलसाहेब, एवढं कन्व्हिक्शन पाहिजे.' आता सांगत नाहीत, फक्त फोन करतात.

---

लातूरची_ज्युनियर

ताई, वाचनखूण साठवली. माझा प्रश्न थेट आहे. सिव्हिलला ज्युनियरशिप करतेय, सर चांगले आहेत पण तीन वर्षांत स्वतः एकही साक्ष घेतलेली नाही. एमपीएससीतून एपीपीची तयारी करावी का? की सुरुवातीपासूनच क्लेममध्ये शिरावं?

---

मुद्देमाल

@लातूरची_ज्युनियर, तयारी कर. मी नोकरी सोडली, पण ती घेतल्याचा पश्चात्ताप मला नाही. पहिल्या वर्षात मी जेवढ्या साक्षी घेतल्या तेवढ्या खासगीत दहा वर्षांत मिळाल्या नसत्या. साक्षीदार सकाळी अकराला भेटतो, सव्वाअकराला पिंजऱ्यात. त्याची भीती पंधरा मिनिटांत घालवायची आणि त्याला शिकवायचं मात्र काही नाही. फितूर झाला तर जागच्या जागी कोर्टाची परवानगी घेऊन उलटतपास. डॉक्टरला वैद्यकीय शब्द विचारायचे नाहीत, 'हाड कुठे मोडलं होतं, हात लावून दाखवा' म्हणायचं. ही सवय मला आजही उपयोगी पडते.

जे शिकायला मिळत नाही ते हे: पक्षकार. एपीपीला पक्षकारच नसतो. राज्य हा पक्षकार कधी रात्री साडेनऊला फोन करून 'तारखेला काय झालं' विचारत नाही. क्लेममध्ये विचारतो, आणि त्याच वेळी त्याच्या घरात स्वयंपाकाला काय आहे तेही कळतं.

---

सामनेवाला_क्र_२

आयडीवरून कळलंच असेल, मी विमा कंपन्यांच्या बाजूने काम करतो. अठरा वर्षं.

मुद्देमालताईंचा लेख आवडला, पण डायरीचं एवढं कौतुक करू नये. मी अशा डायऱ्या पाहिल्यात ज्यांत तीन वर्षांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत. गवंडी असल्याची साक्ष द्यायला मेव्हणा. दूध धंदा असेल तर मी पहिला प्रश्न विचारतो: म्हशी कुठे गेल्या? त्या तर गोठ्यातच आहेत. दुधाचा पगार दर दहा दिवसाला अजून खात्यात येतोय, फक्त नाव बायकोचं. मग बुडालं काय? राबणारा आणि देखरेख करणारा माणूस गेला, तेवढीच भरपाई. लोकांना हे क्रूर वाटतं. पण कायदा असाच आहे.

आणि बनावट क्लेम. उत्तर प्रदेशात अलाहाबाद हायकोर्टाच्या आदेशावरून या प्रकारांच्या तपासाला एसआयटी नेमावी लागली. आपल्याकडे सगळे साधुसंत आहेत असं समजू नका. पहिल्या खबरीत 'अज्ञात वाहन', महिन्याभराने पुरवणी जबाबात अचानक गाडीचा नंबर आठवतो, आणि गाडी नेमकी विमा असलेली. मालक आणि मयत एकाच गावचे.

---

मुद्देमाल

@सामनेवाला_क्र_२, साहेब, मान्य. म्हणून डायरी एकटी कधी दाखल करत नाही. गवंड्याची असेल तर त्याने ज्यांची घरं बांधली त्यातला एक घरमालक आणि ज्या दुकानातून सिमेंट उचललं तो दुकानदार, दोघं साक्षीला. ठेकेदार कधीच येत नाही, त्याचा सगळा व्यवहार रोखीचा. घरमालक येतो. त्याच्या भिंतीवरून हात फिरवून सांगतो की हे प्लास्टर त्याच्याच हातचं.

'अज्ञात वाहन' वाल्या फायली माझ्याकडेही येतात. नऊ वर्षं दोषारोपपत्रं वाचल्यावर नाक तयार होतं. पुरवणी जबाबाची तारीख, घटनास्थळ पंचनाम्याची तारीख आणि गाडी जप्त केल्याची तारीख शेजारी शेजारी मांडायची. मनात पाल चुकचुकली की फाईल परत. दोनदा पक्षकाराने दुसऱ्या वकिलाकडून अॅवॉर्ड (भरपाईचा निकाल) घेऊन मला पेढे पाठवले आहेत. खाल्ले.

खऱ्या हिट अँड रनमध्ये, म्हणजे गाडी सापडतच नाही तेव्हा, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली सरकारी योजनेतून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात. १ एप्रिल २०२२ च्या आधी ते २५,००० आणि १२,५०० होते. खोटा नंबर घालण्यापेक्षा हे करा असं सांगते. ऐकणारे कमी.

---

एडिसनकर

न्यू जर्सीतून. इथे हा रस्ता अगदी मळलेला आहे: लॉ स्कूल, मग काउंटी प्रॉसिक्युटरच्या ऑफिसात काही वर्षं, मग इंज्युरी फर्म. कारण ज्युरी. सहा सामान्य माणसांसमोर उभं राहून बोलायची सवय प्रॉसिक्युशनमध्ये होते आणि दिवाणी दाव्यात त्या सहापैकी पाच जण पटले की काम झालं. फी निकालावर अवलंबून, पहिल्या साडेसात लाख डॉलरवर जास्तीत जास्त एक तृतीयांश, हे राज्याच्या कोर्ट नियमातच लिहिलेलं. हरलात तर वकिलाला फी शून्य. तुमच्याकडे काय पद्धत?

---

एसटीचा_वाहक

त्याचं उत्तर मी देतो. आमच्या चुलत्यांच्या क्लेमला वकिलाने ३० टक्के घेतले. कोऱ्या चेकवर सही आधीच घेतलेली. पावती मागितली तर म्हणाले, 'कोर्टकचेरीत पावती नसते.' हे कायदेशीर आहे का, एवढंच विचारायचंय.

---

मुद्देमाल

@एसटीचा_वाहक, नाही. स्पष्ट नाही. बार कौन्सिलच्या नियमांत निकालावर ठरणारी फी आणि मिळालेल्या रकमेत वाटा, दोन्ही निषिद्ध आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. २०१७ मध्ये बी. सुनीता विरुद्ध तेलंगणा या कामात तर प्रकरण तुमच्यासारखंच होतं: नवरा अपघातात गेलेली बाई, क्लेमच्या रकमेवर टक्केवारी लावणारा वकील, तिच्याकडून घेतलेला चेक, तो वटला नाही म्हणून तिच्यावरच १३८ ची केस. न्यायालयाने ती केस रद्द केली. कोऱ्या चेकची तक्रार राज्य बार कौन्सिलकडे करता येते.

आता दुसरी बाजू, जी बाररूममध्ये सगळे बोलतात आणि लिहीत कुणी नाही. माझ्याकडे येणाऱ्या बाईजवळ पहिल्या दिवशी झेरॉक्सचे पैसे नसतात. डॉक्टरला साक्षीला बोलवायचं तर त्याचा भत्ता, उच्च न्यायालयात गेलं तर पेपरबुक, सगळं कुणीतरी घालायचंच असतं. टक्केवारी वाईट आहे, पण ती बंद केली की ही कामं फक्त धर्मादाय किंवा फक्त लबाड वकील घेतील, अशी भीती मला वाटते. एडिसनकरांच्या राज्यात मर्यादा घालून उघड केलंय, आपण बंदी घालून अंधारात ढकललंय. हे माझं मत, बार कौन्सिलचं नाही.

मी काय करते: ठरलेली फी, वकालतपत्राच्या दिवशीच मराठीत कागदावर लिहून. थोडी आधी, थोडी साक्ष झाल्यावर, उरलेली निकालानंतर, क्लेम नामंजूर झाला तरी तेवढीच. यात दोनतीन जणांनी शेवटचा हप्ता बुडवला. आता रक्कम थेट दावेदाराच्या खात्यात जाते, मुलांच्या वाट्याची तर त्यांच्या नावावर मुदत ठेवीत पडते, तेव्हा वकिलाच्या हाती फारसं काही राहत नाही. तसंच असायला हवं.

@एडिसनकर, ज्युरीची गंमत आपल्याकडे नाही. सरतपास (आपल्याच साक्षीदाराची साक्ष) प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचा, न्यायाधीश एकटे, खाली बाकावर पुढच्या कामांचे पक्षकार डुलक्या घेतात. भाषण कुणी ऐकत नाही. गुणक ऐकतात.

---

शिलाईमशीन

ताई, माझा उजवा पाय गुडघ्याखाली मोडला होता, रॉड आहे. दाखल्यावर २८ टक्के अपंगत्व. वकील म्हणतात २८ टक्केच धरणार. मी शिंपी आहे. पायमशीन चालत नाही आता.

---

मुद्देमाल

@शिलाईमशीन, चालू केस असेल तर तुमच्याच वकिलांशी बोला, पण तत्त्व सांगते. राजकुमार विरुद्ध अजयकुमार, २०११. शरीराचं अपंगत्व वेगळं आणि कमाईचं वेगळं. त्या निकालातच उदाहरण आहे: सुताराचा हात गेला तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, तोच हात कारकुनाचा गेला तर तेवढी बुडत नाही. तेव्हा दाखल्यावर किती आकडा आहे एवढ्यावर थांबायचं नाही, तुमचं काम पायाने चालतं हे साक्षीत यायला हवं. दाखला देणाऱ्या डॉक्टरला बोलावून एकच प्रश्न: हा माणूस दिवसाचे आठ तास पायडल मारू शकेल का? विजेची मोटर लावता येते असं विमा कंपनी म्हणेल. त्याचं उत्तरही तयार ठेवा.

---

सामनेवाला_क्र_२

म्हणणारच होतो.

---

खडूस_आजोबा

आता माझा प्रश्न, रुमाल टाकला होता तो. मुद्देमालबाई, तुम्ही ज्या तालुक्यात एपीपी होतात तिथलेच क्लेम घेता का? ज्या अपघाताची ३०४-अ तुम्ही चालवली, त्याच्याच क्लेममध्ये विधवेचं वकालतपत्र? आमच्या वेळी एकाने असं केलं होतं, फार बोभाटा झाला.

---

मुद्देमाल

@खडूस_आजोबा, हा प्रश्न कुणीतरी विचारावा असं वाटतच होतं.

नाही घेत. वाद घालायचा तर म्हणता येईल की सरकारी वकील आणि मयताची बायको एकाच बाजूला, मग हितसंबंधांचा संघर्ष कसला? पण पोलिसांची फाईल मी सरकारी अधिकारी म्हणून वाचलेली असते. त्यातलं सगळं दोषारोपपत्रात येत नाही. ते ज्ञान खासगी फीसाठी वापरायचं नाही, एवढी रेघ मी स्वतःसाठी मारली आहे. २०१६ मध्ये अशी एक बाई आली होती. मीच चालवलेलं काम, पंच फितूर झालेलं, आरोपी सुटलेला. तिला वाटत होतं की ड्रायव्हर सुटला म्हणजे क्लेमही गेला. तेवढं तिला समजावलं: फौजदारीत वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावं लागतं, क्लेममध्ये पारडं एका बाजूला झुकलं तरी पुरतं. ड्रायव्हर सुटल्याने क्लेम बुडत नाही. तो पंचनामा, जो कोर्टात फितुरीमुळे मातीमोल झाला, तोच क्लेममध्ये कामाला येतो. मग एका मित्राचं नाव दिलं आणि पाठवलं.

जाताना ती म्हणाली, 'तुम्ही त्या दिवशी कोर्टात होतात ना?' हो म्हटलं.

---

लातूरची_ज्युनियर

ताई, एवढं लिहिलंत त्याबद्दल धन्यवाद. फॉर्म भरते. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

कऱ्हाडी_मावळा

उशिरा आलो धाग्यावर. माझ्या मावसभावाचा अपघात झाला, कारने उडवलं, जागीच गेला. कारचा विमा आहे. पोलिसांनी सांगितलं, आधी फौजदारी केस संपू दे, मग क्लेम टाका. वहिनी त्यामुळे थांबल्यात. खरंय का?

---

मुद्देमाल

@कऱ्हाडी_मावळा, अजिबात नाही. दोन्ही स्वतंत्र. फौजदारीची वाट पाहायचीच नाही. १ एप्रिल २०२२ पासून क्लेम अपघातापासून सहा महिन्यांत टाकायचा असं कलम १६६(३) मध्ये आहे. त्यावर कोर्टांत वाद आहेत, पण आपण वादाच्या भरवशावर बसायचं नसतं. अपघात कधीचा?

---

कऱ्हाडी_मावळा

येत्या १४ तारखेला साडेपाच महिने होतील.

---

मुद्देमाल

मग धाग्यावर बसू नका. आज वहिनींना फोन करा. एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, पीएम रिपोर्ट, गाडीचं आरसी आणि पॉलिसी, ड्रायव्हरचं लायसन्स, हे सगळं पोलीस ठाण्यातून नकलांचा अर्ज करून घ्यायचं. अर्जाची पोच जपून ठेवा. जे मिळेल ते घेऊन याच आठवड्यात तिथल्या वकिलाकडे जा, राहिलेलं नंतर दाखल करता येतं. क्लेम वहिनी जिथे राहतात तिथल्या न्यायाधिकरणातही टाकता येतो, अपघात जिथे झाला तिथेच जायची गरज नाही.

आणि भाऊ काय करायचा? कमाईचं काही लिहिलेलं घरात आहे का? वही, पासबुक, मोबाईलमधले पैसे आल्याचे मेसेज, काहीही. मोबाईल रीसेट करू देऊ नका.

---

कऱ्हाडी_मावळा

मोबाईल पोरगा वापरतोय. थांबा, फोन लावतो.